जुन्या गाडीची क्रँक पुली सुटली, इंजिन बसलं. वॉरंटीवाले म्हणतात 'झीज'

घाटवाट (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवा आहे. गाड्यांवरचे जुने धागे चाळले, पण नेमकं असं प्रकरण सापडलं नाही.

गाडी डिझेल हॅचबॅक, २०१६ चं मॉडेल, ८७ हजार किमी, टायमिंग बेल्टवालं इंजिन. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या पुण्यातल्या दुकानातून घेतली. नाव देत नाही, प्रकरण चालू आहे. सोबत सहा महिन्यांची 'इंजिन व गिअरबॉक्स' वॉरंटी, ती संपायला अजून अवकाश आहे.

परवा खंबाटकी चढताना एसीची हवा गरम यायला लागली, पाठोपाठ बॅटरीचा दिवा लागला. डावीकडे घेतोय तोवर बॉनेटखाली फटके मारल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन बंद. पुन्हा स्टार्टर मारला नाही. १०३३ ला फोन केला, क्रेन आली, गाडी साताऱ्याला गाडीच्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या फोरमनच्या म्हणण्यानुसार क्रँक पुलीचं (इंजिनच्या क्रँकच्या टोकाला बसणारं, फॅनबेल्ट फिरवणारं चाक) बाहेरचं कडं आतल्या हबपासून, म्हणजे मधल्या भागापासून, सुटलं, फॅनबेल्टच्या चिंध्या झाल्या, त्यातली एक दोरी टायमिंग कव्हरच्या आत ओढली गेली आणि टायमिंग बेल्टने दात सोडले, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टनचा मेळ चुकला. व्हॉल्व वाकलेत, किती ते हेड (इंजिनचा व्हॉल्ववाला वरचा भाग) उतरवल्यावर कळेल.

वॉरंटीवाल्यांचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: पुली आणि बेल्ट हे झिजणारे भाग, त्यांच्यामुळे झालेलं पुढचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, पुलीचे पैसे मी देतो, तो काही हजारांचा विषय आहे. हेडचं एस्टिमेट लाखाच्या घरात जातंय. इंजिनची वॉरंटी आणि इंजिन बसल्यावर ती लागू नाही, हे कुठलं गणित?

पुली अशी सुटते का मुळात? आणि अशा प्रकरणात कोणी भांडून पैसे वसूल केलेत का?


पाना-१३

सुटते. बऱ्याच डिझेल गाड्यांत क्रँक पुली म्हणजे नुसतं लोखंडी चाक नसतं. आत हब, बाहेर बेल्ट बसतो ते कडं, आणि दोघांच्या मध्ये रबराचा थर दाबून किंवा चिकटवून बसवलेला. प्रत्येक सिलिंडर पेटताना क्रँकला पीळ बसतो, तो पीळ हे रबर खातं. म्हणून आमच्यात तिला डँपर पुली म्हणतात. गरम-थंड होऊन रबर कडक होतं, तडकतं. क्रँकचं ऑइल सील गळत असेल तर तेलाने फुगून आणखी लवकर जातं. मग बाहेरचं कडं हबवर सरकायला लागतं.

आधी खुणा देते पण. एसी चालू असताना आयडलला थरथर वाढते, थंडीत सकाळी चिवचिव येते, पुली वरून बघितली तर डुगडुगते, बेल्टची एकच कड कुरतडलेली दिसते.

तुमचं नशीब की स्टार्टर परत मारला नाही. आता महत्त्वाचं: दाव्याचा निकाल लागेपर्यंत हेड उतरवू देऊ नका. जुनी पुली, बेल्टचे तुकडे आणि क्रँकचा बोल्ट सर्व्हिस सेंटरने भंगारात टाकायच्या आत पिशवीत घालून ताब्यात घ्या. फोटो काढा. सगळं प्रकरण त्या पिशवीवर फिरणार आहे.


शंकासुर

इलेक्ट्रिक घ्या. ना बेल्ट, ना पुली, ना वॉरंटीवाल्यांची ईमेल. 😌


पाना-१३

@शंकासुर, तिच्या बॅटरीच्या वॉरंटीच्या अटी एकदा वाचा, मग बोलू.


तटस्थ

थोडं कडू बोलतो. नऊ-दहा वर्षांची गाडी आहे. रबर गेलं तर त्यात विकणाऱ्याचा काय दोष? जुन्या गाडीची वॉरंटी ही विकत घेतलेली मनःशांती असते, नव्या गाडीची हमी नव्हे. बहुतेकांच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं: 'इंजिनच्या आतील, तेलाचं वंगण असलेले भाग'. पुली बाहेर, बेल्ट बाहेर, होजपाइप बाहेर. हे वाचूनच सही केली असणार ना?


घाटवाट

@तटस्थ, वाचूनच केली. म्हणूनच विचारतोय. व्हॉल्व तर आत आहेत, तेलातच असतात! पुली त्यांनी देऊ नये, मान्य. पण 'आतील भाग' वॉरंटीत आहेत असं लिहायचं आणि ते मोडल्यावर 'पण सुरुवात बाहेरून झाली' म्हणायचं, याचा अर्थ पिस्टन स्वतःहून आत्महत्या करेल तेव्हाच पैसे मिळणार.


तटस्थ

तेच तर 'परिणामी नुकसान' कलम. सगळ्यांच्या अटींत असतं. मला आवडतं असं नाही म्हणत, असतं एवढंच.


कागदपत्री

मी ग्राहक आयोगातली प्रकरणं जवळून बघते, म्हणून लिहिते. तुमच्या वकिलाला दाखवल्याशिवाय यावर विसंबू नका.

घाटवाटदादा, तुम्ही आणि तटस्थ दोघेही वॉरंटीच्या कागदात अडकला आहात. दुसरा कागद काढा. गाडी विकताना या दुकानांत तपासणी अहवाल देतात, इतक्या-इतक्या मुद्द्यांची तपासणी केली म्हणून जाहिरातही करतात. त्यात 'ड्राइव्ह बेल्ट', 'पुली', 'इंजिनचा आवाज' अशा ओळी असतात. तुमच्या अहवालात तिथे काय लिहिलंय?

वॉरंटी म्हणजे पुढे काय करू याचं वचन. तपासणी अहवाल म्हणजे विकण्याच्या दिवशी वस्तू कशी होती याबद्दलचं विधान. ते खोटं निघालं तर प्रश्न वॉरंटीचा उरत नाही, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथेचा होतो. वॉरंटीतलं 'परिणामी नुकसान' कलम तिथे त्यांना पुरेलच असं नाही.

आणखी एक. बिल कोणाच्या नावाने आहे? कंपनीने स्वतः विक्रेता म्हणून दिलंय, की 'आम्ही फक्त मध्यस्थ, व्यवहार तुमचा आणि आधीच्या मालकाचा' असा कागद आहे? ही पळवाट नेहमीची.


घाटवाट

कागदपत्रीताई, अहवाल काढला. 'फॅन बेल्ट : ठीक. पुली व टेन्शनर : ठीक. असामान्य आवाज : नाही.' तिन्हींपुढे हिरवी टिकली. (टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग.) बिल कंपनीच्याच नावाने आहे, जीएसटीसह.


कागदपत्री

मग तुमची बाजू कालच्यापेक्षा बरीच भक्कम आहे.

मध्यस्थाच्या पळवाटेबद्दल बाकीच्यांसाठी: केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकृत डीलर म्हणून मान्यता घ्यावी लागते. आधीचा मालक गाडी डीलरच्या ताब्यात देतो तेव्हा पोर्टलवर तशी सूचना जाते आणि तिथून डीलर हाच मालक मानला जातो. जुनी पद्धत अशी की मूळ मालकाकडून मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवायच्या आणि गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव भरायचं. कागदावर दुकान मधे कुठेच नाही! अजूनही कोपऱ्यावरची पुष्कळ दुकानं तसंच करतात. गाडी घेताना मान्यतेचं प्रमाणपत्र मागून बघा, निम्मा अंदाज तिथेच येतो.


तटस्थ

पण ताई, पुली चाकाच्या आतलं प्लास्टिक काढल्याशिवाय धड दिसतही नाही. तपासणारा पोरगा टॅब घेऊन पाऊण तासात गाडी उरकतो. त्याने 'ठीक' लिहिलं म्हणजे खोटं बोलला असं कसं?


कागदपत्री

दिसत नव्हती तर 'ठीक' कशाच्या जोरावर लिहिलं? 'तपासली नाही' असं लिहायला कोणी अडवलं होतं? हाच प्रश्न मी नोटिशीत पहिला विचारला असता.


पाना-१३

इथे त्या पिशवीचं काम आहे. पुली सुटायची तीन कारणं असतात, आणि तुटका भाग बघून ती बरीचशी ओळखता येतात.

रबर म्हातारं होऊन गेलं असेल तर चीर जुनी असते, तिच्यात धूळ आणि गंज बसलेला असतो. ताजी फाटलेली जागा काळीभोर, स्वच्छ दिसते. तेलाने गेलं असेल तर रबर फुगलेलं, मऊ, हबवर चिकट थर. आणि बोल्ट सैल राहिला असेल तर मामला वेगळाच. तेव्हा रबर धड असतं, पण हबच्या भोकात तांबूस भुकटी दिसते, चावीची (पुली क्रँकवर फिरू नये म्हणून बसवलेल्या लोखंडी तुकड्याची) खाच ठोकून रुंद झालेली असते. म्हणजे आधी कोणीतरी पुली काढून टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) न लावता नुसत्या इम्पॅक्ट गनने आवळली होती. पुष्कळ इंजिनांत तो बोल्ट एकदाच वापरायचा असतो, ताणून बसतो. जुनाच परत लावणारे महाभाग कमी नाहीत.

फोरमनला म्हणावं, यातलं काय ते जॉब कार्डवर लिहून दे. तोंडी नको.


घाटवाट

आज साताऱ्याला जाऊन आलो. रबराची निम्म्याहून जास्त चीर जुनी आहे, आत गंज आणि चिखल वाळलेला. उरलेला थोडा भाग ताजा. बोल्ट आणि चावी ठीक. फोरमन आधी लिहायला तयार नव्हता, 'आम्ही निरीक्षण लिहितो, मत लिहीत नाही' म्हणाला. म्हटलं निरीक्षणच लिहा. त्याने लिहिलं: 'डँपर पुलीच्या रबर जोडात जुनी, गंजलेली भेग, बाहेरील कडे विलग.' खाली सही-शिक्का. पुली पिशवीत घालून घरी आणली, बायको म्हणते देव्हाऱ्यात ठेवा.


पाना-१३

'जुनी, गंजलेली' हे दोन शब्द सोन्याचे आहेत. त्या फोरमनला माझ्याकडून चहा पाजा.


टेम्सकाठचा

इकडे इंग्लंडमध्ये हाच वाद उलट्या बाजूने सुरू होतो. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात, व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूत सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो विक्रीच्या वेळीच होता असं धरून चालतात. तसा नव्हता हे दुकानदाराने सिद्ध करायचं. पहिल्या ३० दिवसांत तर दोष दाखवून गाडी परत देता येते. वॉरंटीचा कागद वेगळा, तो या हक्काच्या वर. अर्थात गाडीचं वय आणि किंमत इथेही बघतात, जुन्या गाडीच्या सामान्य झिजेला कोणी दोष म्हणत नाही. माझ्या मित्राचं क्लचवरून असंच झालं आणि तो हरला.


कागदपत्री

@टेम्सकाठचा, नेमका तोच फरक. आपल्याकडे असं गृहीतक कायद्यात नाही, दोष विक्रीच्या वेळी होता हे सहसा ग्राहकालाच दाखवावं लागतं. म्हणून जॉब कार्डवरच्या त्या ओळीला एवढी किंमत. समोरच्याने ते नाकारलं तर आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, कलम ३८ मध्ये तशी तरतूद आहे. म्हणजे पुली जपायलाच हवी, देव्हाऱ्यात का होईना.

आता व्यवहाराचं. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षं. गाडी कुठेही घेतली असली तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून होतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मोठ्या कंपन्या पुष्कळदा तिथेच नरम पडतात. आणि लेखी नोटीस पाठवा: अहवालाची प्रत, जॉब कार्डची प्रत, फोटो, मागणीचा आकडा, उत्तराला १५ दिवस. भाषा थंड ठेवा. 'फसवणूक', 'चोर' असे शब्द वकिलालाही लिहू देऊ नका.


सदाशिव पेठी सुटे भाग

विम्यातून नाही का मिळणार? झिरो डेप असेल ना?


पाना-१३

नाही. यांत्रिक बिघाड आणि झीज दोन्ही नेहमीच्या विम्यात वगळलेली. झिरो डेप म्हणजे अपघाताच्या दाव्यात घसारा कापत नाहीत, एवढंच. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकलम असतं, ते मुख्यतः पाणी शिरून किंवा चेंबर फुटून तेल गळून इंजिन गेलं तर. पावसाळ्यात मुंबईकरांना उपयोगी, पुली सुटलेल्यांना नाही.


कोकणी मेवा

माझी शंका. मी गाडी शेजारच्या आळीतल्या गुरुजींकडून घेतली, दुकानातून नाही. तिचाही बेल्ट सकाळी चिवचिवतो. उद्या असं काही झालं तर आयोगात जाता येईल का?


कागदपत्री

गुरुजी काही गाड्यांचे व्यापारी नाहीत, त्यामुळे ग्राहक आयोग नाही. त्यांनी एखादा दोष माहीत असून लपवला हे सिद्ध करता आलं तर दिवाणी दावा, पण शेजारच्या आळीत तसं कोण करतं. गाडीवर गाडीच्या कंपनीची वाढीव वॉरंटी शिल्लक असेल तर ती साधारणपणे नव्या मालकाच्या नावावर करून घेता येते, मात्र आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. तेवढं बघा.


पाना-१३

@कोकणी मेवा, कायदा नंतर. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या आतल्या, दातेरी बाजूवर बाटलीने चार थेंब पाणी टाका. हात, शर्टाची बाही, ओढणी लांब ठेवा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर कुठली तरी पुली रेषेत नाही. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे किंवा टेन्शनर दमलाय. पहिलं झालं तर इंजिन बंद करून क्रँक पुलीवर हबपासून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. आठवडाभर गाडी चालवा. रेघ मोडलेली दिसली, म्हणजे बाहेरचा तुकडा पुढे सरकला, तर रबर गेलं. मेकॅनिककडे नुसता बेल्ट बदलून घेऊ नका, आवाज महिनाभर जाईल आणि परत येईल.

आणि सगळ्यांनाच: बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला तर 'घरी जाऊन चार्जिंग बघू' हे डोक्यातून काढा. फॅनबेल्ट गेला असेल तर काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्यावरच असतो, थोड्या वेळात काटा लालमध्ये. जुन्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो. बेल्ट तुटला की दोन-चार वेळा ब्रेक दाबेपर्यंत ठीक, मग पेडल दगड. घाट उतरताना हे कळू नये. टायमिंग बेल्टऐवजी चेन असलेल्या इंजिनांना, म्हणजे १.३ मल्टिजेटसारख्यांना, बेल्टची दोरी टायमिंगमध्ये जायची भीती फारशी नाही, पण बाकीचं सगळं लागू.


तटस्थ

कबूल, रेघेची युक्ती मला माहीत नव्हती. उद्याच मारतो.

घाटवाट, एक विचारतो. बॅटरीचा दिवा लागल्यावर किती चालवली, हे ते विचारणारच. 'इशारा मिळूनही गाडी चालवत राहिला' हे त्यांचं दुसरं हत्यार.


घाटवाट

विचारलं! पण १०३३ च्या कॉलची वेळ आणि गाडी थांबल्याची जागा फोनच्या टाइमलाइनवर आहे. दिव्याची वेळ डॅशकॅममध्ये बीप ऐकू येतो त्यावरून. सगळं पाठवलं.


घाटवाट

ताजी खबर. १९१५ वर तक्रार आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस, दोन्ही झालं. कंपनीकडून फोन आला, ईमेल नाही. 'सद्भावना म्हणून' निम्मा खर्च देतो म्हणाले, त्यासाठी 'कोणताही दोष नव्हता व यापुढे कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर सही हवी. काय करू? गाडी उभी आहे, रोज बसने जातोय, सर्व्हिस सेंटर पार्किंगचे पैसे लावायच्या गोष्टी करतंय.


सदाशिव पेठी सुटे भाग

घ्या आणि मोकळे व्हा. आयोगात तारखा पडत राहतील.


कागदपत्री

तारखा पडतात हे खरं, खोटं कशाला सांगू. पण त्यांनी फोनच केला, लिहून दिलं नाही, याचा अर्थ त्या हिरव्या टिकल्या त्यांनाही टोचतायत. फोनवर जे बोलले ते तुम्हीच ईमेलने त्यांना लिहा: 'आज अमुक वाजता आपण असा प्रस्ताव दिलात.' मग उलट प्रस्ताव. पुली, बेल्ट, टेन्शनरचा संच माझा. हेड, व्हॉल्व, गॅस्केट, टायमिंग किट आणि त्याची मजुरी तुमची. पैसे मला नकोत, थेट सर्व्हिस सेंटरला द्या. आणि 'दोष नव्हता' हे वाक्य काढा. 'या बिघाडापुरता वाद मिटला' एवढं लिहायला हरकत नाही. उद्या गिअरबॉक्स गेला तर तक्रारीचा दरवाजा उघडा राहायला हवा.


पाना-१३

मजुरीचा मुद्दा सोडू नका. हेडच्या कामात भागांइतकंच बिल लेथचं आणि मजुरीचं होतं. 'भाग आमचे, मजुरी तुमची' म्हणतील आणि उदार दिसतील.


घाटवाट

मिटलं. तसंच म्हणाले होते, भाग आमचे मजुरी तुमची. ताईंचा मसुदा आणि फोरमनची ओळ परत पाठवली. शेवटी हेडचं सगळं काम मजुरीसकट त्यांचं, पुलीचा संच आणि क्रेनचा खर्च माझा. कागदातलं 'दोष नव्हता' काढलं, 'सदर बिघाडापुरता' घातलं. पिस्टनवर व्हॉल्वचे ठसे उठलेत पण पिस्टन बदलावे लागणार नाहीत म्हणतात. क्रेनसाठी आणखी भांडलो असतो, पण कंटाळलो.

कागदपत्रीताई, पाना-१३, मनापासून आभार. तटस्थ, तुमचेही. तुम्ही जे-जे विचारलंत तेच त्यांनी विचारलं, उत्तरं तयार होती.


तटस्थ

फी पाठवून द्या. 😄

गंमत बाजूला, पूर्ण संच मिळायला हवा होता असं मला अजूनही वाटत नाही. पण हेडचे पैसे योग्य मिळाले.


पाना-१३

@घाटवाट, पुली बसवताना दोन गोष्टी बघा. बोल्ट नवा, आणि टॉर्क दिल्यावर पुढे अंशात फिरवायचा असेल तर तसाच. आणि पुली कंपनीची किंवा नावाजलेल्या ब्रँडची. बाजारात निम्म्या किमतीत अखंड लोखंडी पुली मिळते, 'हिचं रबर कधी जाणारच नाही' म्हणून विकतात. बरोबरच आहे, रबर नाहीच तिच्यात. ते पीळ खायचं काम मग क्रँकवर येतं.


घाटवाट

बोल्टचं बिलावर वेगळं नाव घालायला सांगितलंय. जुनी पुली देव्हाऱ्यातून काढू का आता?


कागदपत्री

काम पूर्ण होऊन गाडी थोडी फिरली की काढा. तोवर राहू दे.


कोकणी मेवा

पाणी टाकलं, आवाज थांबून परत आला. रेघ मारली आहे. चिपळूण-खेडकडे डँपर पुलीतलं कळणारा मेकॅनिक कोणाला माहीत आहे का? इथला म्हणतो बेल्टला साबण लावू.


पाना-१३

साबण अजिबात नको. व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघा.